तुम्ही मूळचे कुठले?

छत्तीसगडातल्या रायपूर ते धमतरी हा प्रवास मी बसच्या दारात, एका पायावर केला. पूर्वी या मार्गावर नॅरोगेजची छोटी गाडी होती. आमच्या नागपूरच्या छोट्या गाडीची सख्खी बहीणच म्हणा. ती बंद झाली, ब्रॉडगेजची कामं निघाली आणि अख्खा तालुका बसमध्ये चढला. लॉजमधली रात्र डासांनी खाल्ली. तिच्याबद्दल आणखी काही लिहायचं नाही.

मला धमतरीजवळच्या बालोदगहान या गावी जायचं होतं, ते एका शब्दापायी. 1906 मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशननं हे गाव विकत घेतलं आणि मिशन गावाचं मालगुजार, म्हणजे शेतसारा गोळा करणारं जमीनमालक झालं, असं वाचलं होतं. मालगुजार म्हटलं की आम्हा विदर्भातल्या लोकांना वाडा, बोडी म्हणजे छोटं तळं, आणि तीन पिढ्यांची भांडणं आठवतात. मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्स या डच पाद्र्याच्या नावानं ओळखला जाणारा पंथ. हत्यार उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, एकमेकांचे पाय धुवायचे. अशा माणसांनी शेतसारा कसा वसूल केला असेल?

रविवारची उपासना संपत आली होती. चर्च अगदी साधं. भजन ढोलक-मंजिऱ्यावर चाललं होतं. बायकांच्या डोक्यावर पदर. अमेरिकेत जुन्या वळणाच्या मेनोनाइट बायका प्रार्थनेला डोक्यावर टोपी घालतात. इथे ती शिकवण द्यायला मिशनऱ्यांना फारसे कष्ट पडले नसावेत.

नंतर एका आजोबांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला. सारा कसा वसूल व्हायचा ते विचारलं, तर हसले. "साहेब असो की पाद्री, वसुलीच्या दिवशी मालगुजार तो मालगुजार," एवढंच म्हणाले. 1951 मध्ये मालगुजारी गेली. पुढच्या वर्षी मिशन आणि इथली मंडळी एक होऊन 'मेनोनाइट चर्च इन इंडिया' झालं.

आणि मग मी तो प्रश्न विचारला. आपण सगळे विचारतो तो, गोड आवाजात, गावाच्या नावाआड लपवून. "बाबूजी, तुम्ही मूळचे कुठले? म्हणजे, आधी कोण होतात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अकाल के," म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. हो, पुन्हा! तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मोर बूढ़ी दाई अकाल के लइका रिहिस." त्यांची आजी दुष्काळातलं लेकरू होती. छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या (1899-1900) दुष्काळातलं.

मार्च 1899 मध्ये या मिशनचे पहिले मिशनरी, जेकब रेसलर आणि डॉ. पेज पती-पत्नी मुंबईला उतरले, नोव्हेंबरमध्ये धमतरीला पोचले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. शिकवायला आलेली माणसं पहिल्याच हंगामात पेज घोटत आणि पोरकी पोरं गोळा करत बसली. इथली पहिली मंडळी त्या पोरांतूनच उभी राहिली. तिच्यावर दुष्काळाचे ख्रिस्ती, पोटासाठी धर्म बदललेले, म्हणून शिक्का मारणं सोपं आहे, आणि गाडीत बसेपर्यंत माझ्याही मनात थोडंफार तेच होतं. पण चार-पाच वर्षांची पोर, बरोबर कुणी नाही. मायबाप वाटेत गेले की हात सोडून गेले, ठाऊक नाही. गाव सांगता येत नाही, जात तर नाहीच. त्याआधीच्या, 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई याच मध्य प्रांतात फिरून मुलींना केडगावला घेऊन गेल्या होत्या. त्यातल्या कितीजणींना आपलं गाव आठवत असेल?

आजोबा म्हणाले, आजीला एकच आठवायचं: तळ्याकाठचं चिंचेचं झाड. म्हातारपणी कुठल्याही गावी गेली की ती आधी तळं बघायला जायची.

छत्तीसगडात तळं नसलेलं गाव दाखवा!

मी काहीतरी बोलायचं म्हणून धमतरीच्या मिशन हॉस्पिटलबद्दल विचारलं. ते 1910 मध्ये सुरू झालं, आजही लांबलांबून पेशंट येतात. त्यावर ते भरभरून बोलले. मी अर्धंच ऐकलं.

निघताना त्यांनी विचारलं, "और आप मन?" आणि तुम्ही? मी आडनाव सांगितलं, मूळ गाव सांगितलं, कुलदैवत, आजोळ, पणजोबा कुठून उठून नागपूरला आले तेही सांगितलं. न अडखळता, एका दमात. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बने हे," छान आहे, म्हणाले आणि रिकामा कप उचलून आत गेले.

गंगरेल धरण बघायचं राहिलं. परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, खिडकीची. कुरुदपर्यंत मी तळी मोजत होतो, मग अंधार पडला.