कोंबडा ठेवायचा तर आधी त्याची आय बघा

आषाढ लागला की आमच्या वाडीत अनोळखी मोटारसायकली फिरायला लागतात. गटारीसाठी गावठी कोंबडा हवा असतो आणि त्या आठवड्यात भावाची घासाघीस कोणी फारशी करत नाही. शिमग्याच्या आगेमागे फुटलेली पिल्लं तोवर चार-साडेचार महिन्यांची झालेली असतात, नर सव्वा किलोच्या आसपास भरतात. पुढे श्रावण. गिऱ्हाईक बंद, आणि खुराड्यात उगाच सात नर एकमेकांचे तुरे फोडत बसणार. त्यामुळे कुठला ठेवायचा हे आमच्याकडे पंचांग ठरवतं म्हणा ना, गटारीच्या आत निकाल लागायलाच हवा.

यंदा नऊ कोंबड्या, एक जुना कोंबडा आणि हे सात नर. नऊ कोंबड्यांना एक नर पुरतो. आठ-दहा माद्यांमागे एक हे माप परसातल्या कळपाला बरोबर बसतं. दोन ठेवले तर दोघंही कोंबड्यांच्या मागे लागून त्यांच्या पाठीची पिसं उपटतात. तरी मी गणपतीपर्यंत एक जादा ठेवतेच, कारण मुंगूस विचारून येत नाही.

सासूबाईंचा डोळा तांबड्यावर. हिरवट काळी शेपूट, मानेवर सोनेरी झुपका, सगळ्यांच्या आधी आरवायला लागलेला. "अगो, असा कोंबडा दारात असला तर दाराला शोभा येते," म्हणाल्या. शोभा खरीच आहे. पण त्याची आय, म्हणजे आई, ती आमची पांढुरकी. अंडी घालते भरपूर, आणि रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवली की दुसऱ्या आठवड्यात उठून जाते. अंडी गार. एकवीस दिवसांचं काम चौदा दिवसांत टाकून देणाऱ्या आईचा मुलगा मी कळपाचा बाप म्हणून का ठेवू?

इथेच माझं आणि निम्म्या वाडीचं जमत नाही. लोक कोंबडा बघतात तो तुरा, शेपूट आणि बांग बघून. पण मला त्याच्याकडून हवं काय? अंडी घालणाऱ्या, खुडूक होऊन अंडी उबवणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या मुली. यातलं एकही काम कोंबडा स्वतः करत नाही, म्हणजे त्याच्या अंगावर ते दिसणारच नाही. ते दिसतं त्याच्या आईत आणि बहिणींत. एखादी कोंबडी कामचुकार निघाली तर तिचीच दहा-बारा पिल्लं बिघडतील. कोंबडा मात्र पुढच्या साली दारात फिरणाऱ्या प्रत्येक पिल्लात निम्मा असतो.

आय कुठली हे कळायला थोडी शिस्त लागते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, तिला शक्यतो तिच्याच अंड्यांवर बसवायची. दुसरी कोणी त्याच पाटीत अंडं टाकून गेली तर त्यावर पेन्सिलीची खूण करून ते बाजूला काढायचं. पिल्लं दोन महिन्यांची होऊन आईपासून तुटली की पायात रंगीत दोरा. काळीच्या पिल्लांना हिरवा, पांढुरकीच्या पिल्लांना लाल. दोरा ढिला ठेवायचा आणि दर पंधरवड्याला बघायचा, नाहीतर पाय वाढतो आणि दोरा मांसात रुततो.

सातांतले तीन काळीचे. काळी दिसायला काहीच नाही, मान तर जवळजवळ उघडी. पण घार घिरट्या घालायला लागली की पिल्लं करवंदीच्या जाळीत घालून स्वतः बाहेर अंग फुगवून उभी राहते. मागच्या उन्हाळ्यात तिची जितकी पिल्लं फुटली तितकी जवळजवळ सगळी वाढली. मानेवर पिसं नसणं हे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी उतरतं, आणि आमच्या घामट उन्हाळ्यात ते फायद्याचंच. सासूबाईंना मात्र उघड्या मानेचा कोंबडा दारात नकोच वाटतो.

तर हे तिघं. रात्री कोंबड्या बसल्यावर टॉर्च घेऊन एकेक उचलायचा, तेव्हा धडपड करत नाहीत. छातीच्या हाडावरून बोट फिरवायचं, ते सरळ हवं. बोटं वाकडी नकोत, पाय आतल्या बाजूला मुडपलेले नकोत, चोच वर-खाली नीट जुळायला हवी. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा बघायच्या. एकाच खुराड्यात राहून एकाच्या अंगावर भरमसाट आणि दुसऱ्याच्या अंगावर नावाला, असा फरक दिसतो. तिघांपैकी एकाचं छातीचं हाड वाकडं निघालं. तो गटारीच्या यादीत.

उरलेल्या दोघांची वागणूक बघायची, तर जुना कोंबडा समोर असेपर्यंत काहीच कळत नाही. त्याच्या धाकात सगळेच गरीब. म्हणून मी त्याला चार-पाच दिवस डालग्याखाली झाकते आणि ओट्यावर चहा घेऊन बसते. (या कामात चहा किती होतो ते घरच्यांना विचारा.) मूठभर कणी टाकली की एकजण स्वतःच चरत सुटला. दुसरा कणी चोचीत धरतो, खाली टाकतो, कुक-कुक करून तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, बोलावतो आणि त्या खाईपर्यंत उभा राहतो. तोच झाडावरून कावळा हलला तरी मान वाकडी करून आभाळाकडे बघतो. माझ्या अंगावर मात्र येत नाही. माणसाच्या पोटऱ्यांना टोचणारा कोंबडा कितीही देखणा असो, घरात लहान मूल आहे, तो जातो. हा स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो.

शेजारच्यांनी गिरीराजाचा नर ठेवायचं सुचवलं होतं, वजन दुप्पट भरेल म्हणून. भरेलही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ती जात, किंवा हैदराबादची वनराजा, परसात वाढवायलाच आहेत आणि अंडी-मांस देतातही चांगलं. पण त्या सहसा रवणावर बसत नाहीत. तो नर घातला की मुलींमधलं खुडूकपण कमी व्हायला लागतं. माझ्याकडे अंडी उबवायचं मशीन नाही, कोंबडीच माझं मशीन. मग दरवर्षी पिल्लं विकत आणायची?

आता खरी गंमत. इतकं पारखून निवडलेला हिरव्या दोऱ्याचा कोंबडा माझ्याकडे राहणारच नाही. यंदाच्या सगळ्या तलंगा त्याच्याच बापाच्या, म्हणजे त्याच्या बहिणी. हेच घरातल्या घरात दोन-चार पिढ्या चालवलं की अंडी कमी फुटतात, पिल्लं मलूल निघतात. म्हणून तो माझ्या माहेरी जातो आणि भावाकडचा इकडे येतो. भावाने फोटो पाठवला होता, कोंबडा मस्त. मी विचारलं, "आय कुठली?" तर म्हणे, "ताई, तू हुंडा ठरवतेयस का?" पण सांगितलं त्याने. लगोलग दोन रवणं काढलेली भुरी. चालेल.

तो आला की तीन आठवडे गोठ्यामागे वेगळा राहील. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, वाडीत शिरली की अख्खं खुराडं रिकामं होतं, त्यामुळे पाहुण्याला लगेच आत घेत नाही. जुना कोंबडा तोवर काढलेला असेल. त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, तेवढ्या काळातली अंडी आम्ही खाऊन टाकतो, रवणाला ठेवत नाही. पावसात तशीही पिल्लं जगत नाहीत, रवण दिवाळीनंतरच.

तांबडा काल विकला गेला. सासूबाईंनी गिऱ्हाइकाकडून माझ्यापेक्षा शंभर रुपये जास्त काढले, शेपटीचे म्हणून.