पिवळं पाणी आणि 'आढळलं नाही'

पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी फिकट पिवळं दिसत होतं आणि हातातल्या अहवालात हेक्साव्हॅलंट क्रोमियमपुढे, म्हणजे क्रोमियमच्या पाण्यात सहज विरघळणाऱ्या विषारी रूपापुढे, लिहिलं होतं, 'आढळलं नाही'. शेजारी बंद पडलेला प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याचा, कारखाना.

त्याच अहवालात एकूण क्रोमियम लिटरला २.१ मिलिग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा ०.०५. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला, पीएच ७.६. मेळ बसेना. एवढ्या पीएचला ट्रायव्हॅलंट क्रोमियम, त्याचं दुसरं, कमी विषारी रूप, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं, इतकं विरघळून राहत नाही. म्हणजे गाळलेल्या पाण्यात होतं ते बहुतेक सगळं हेक्साव्हॅलंटच असायला हवं.

खोट बाटलीत निघाली. नायट्रिक ॲसिड घातलेल्या एकाच बाटलीतून दोन्ही चाचण्या उरकल्या होत्या. एकूण धातूंसाठी ॲसिड हवंच, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात. पण आम्लात फेरस लोह किंवा सेंद्रिय पदार्थ भेटले की हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होतं. हेक्साव्हॅलंटची बाटली वेगळी, बिनॲसिडची, बर्फात ठेवलेली; चाचणी २४ तासांच्या आत.

नमुना पुन्हा घेतला. बोअर १५० मिमी व्यासाचं, पाण्याचा स्तंभ २० मीटर, म्हणजे साधारण ३५० लिटर. त्याच्या तिप्पट उपसा केला. सेकंदाला एक लिटरच्या पंपाने सतराअठरा मिनिटं लागली. वाहकता आणि पीएच लागोपाठ तीनदा तेच आले, तेव्हा बाटल्या भरल्या. हा उपसा कंटाळवाणा असतो, म्हणून सर्रास टाळला जातो, आणि मग केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या नळीत, साचलेलं पाणीच तपासलं जातं.

हेक्साव्हॅलंट असलं की जांभळा रंग देणारं रसायन, डायफेनिल कार्बाझाइड, टाकताच नमुना गडद जांभळा झाला, किटच्या मापाबाहेर. ५ मिली नमुना १०० मिलीपर्यंत पातळ केला, तेव्हा ०.१ वाचता आलं. गुणिले २०, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम.

कुणीतरी घरोघरी 'पाणी उकळून प्या' सांगून गेलं होतं. उकळल्याने पाणी आटतं, क्रोमियम आहे तेवढंच राहतं. ते आधी थांबवलं, मग पंपाची वायर सोडवली.

भूजलाच्या उताराकडची आणखी तीन बोअर तपासली. पिवळेपणा डोळ्यांना लिटरला एखाद मिलिग्रॅमपासून पुढेच जाणवतो. तिसऱ्या बोअरचं पाणी काचेसारखं नितळ होतं. जांभळं तेही झालं.