बेथोव्हेनची पाचवी, आठवडा ९: रिकामी सम

या रविवारी आम्ही पहिल्यांदा सगळे एकाच क्षणी सुटलो. आमच्या वाद्यवृंदातली बावीस मुलं, अकरा ते एकोणीस वयाची, आणि पाचव्या सिंफनीचे ते सुरुवातीचे चार स्वर. मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या खोलीत क्षणभर कुणी बोललंच नाही.

सूर अवघड नाहीत. सी हा सा धरला तर प प प, कोमल ग. मग म म म, रे. खरी मेख तालात आहे. बारची, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या छोट्या आवर्तनाची, पहिली अर्धी मात्रा शांत. माझी काठी समेवर खाली येते तेव्हा कुणीही वाजवायचं नाही, आणि लगेच सगळ्यांनी सुटायचं.

सुरुवातीला मी मुलांकडून 'तकिट धा' म्हणवून घेतलं, ते चुकलंच. निम्मी मुलं आधी तबला शिकलेली. तकिट म्हटलं की ती तिस्रात, तीन-तीनच्या चालीत, जातात. 'त' बरोबर समेवर पडायचा आणि तीन स्वर बारभर पसरायचे. मग वाद्यं खाली ठेवली. समेवर नाकानं श्वास ओढायचा, त्याच्या मागून त-कि-ट, पुढच्या समेवर धा. रोज वीस वेळा.

तरी गाडी पुढं सरकली ती क्लॅरिनेटवाल्या पोरामुळं. त्याच्या घरी लग्नाचा बँड आहे. म्हणाला, "सर, फुंकायच्या आधी माझा खांदा वर जातोय. सगळ्यांनी तिकडं बघू दे की." या जागी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एवढीच वाजतात, त्यामुळं ते चपखल बसलं. आता व्हायोलिनची पहिली रांगही त्याच्याबरोबर श्वास घेते.

चारातला शेवटचा स्वर दोन्ही वेळा लांब धरायचा, तो थांबा. दुसऱ्या थांब्यावरचा रे व्हायोलिनच्या डी तारेवर बोट न लावता, मोकळा येतो आणि मधेच उघडा, कोरडा ऐकू येतो. म्हणून तो जी तारेवर करंगळीनं घ्यायला लावला. लहान हातांना ताण पडतो, सूर थोडा खाली राहतो, पण रंग जुळतो. हा थांबा पहिल्यापेक्षा एका बारनं लांब आहे, हे मी आता बोटांनी मोजून दाखवतो.

पावसानं खुंट्या फुगल्यात, ट्यूनिंगला वीस मिनिटं जातात.

लय: बेथोव्हेननं दिलेली मिनिटाला १०८ बार, आमची ८४. पहिले १२४ बार, म्हणजे जिथून पुन्हा सुरुवातीला जायचं तिथपर्यंत, न थांबता होतात. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हाही तालीम अपुरी पडली होती. हे सांगितल्यावर धाकट्या पोरांना फार धीर आला.

ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकायचं वाद्य, आमच्याकडं नाही. बार २६८ मध्ये सगळा वाद्यवृंद थांबतो आणि ओबो एकटाच, संथ, आलापासारखा बोलतो. ती जागा गाळायला माझं मन होत नाही. बासरीवाल्या मुलीला या आठवड्यात ती लिहून दिली आहे. काल तिनं फोनवर वाजवून दाखवली, शेवटचा स्वर सोडताना जरा घाई झाली. रविवारी तेवढंच धरून बसणार.