तुम्ही विचारलंत म्हणून: ह्या दगडाचे किती येतील?

सोलापुरात आम्ही काही जण खनिजं आणि जीवाश्म गोळा करतो, रविवारी सकाळी जमतो, असं कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याचे पैसे किती येतात हो?" कुणी विहिरीतनं निघालेला चकाकता दगड रुमालात गुंडाळून आणतं, कुणी व्हॉट्सअपवर फोटो टाकतं आणि खाली लिहितं, सर हिरा आहे का बघा. परवा परत तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

पैसे बहुतेक वेळा फार येत नाहीत. पण त्या दगडाला मोल आहे, आणि त्यातलं निम्मं मोल तो कुठं सापडला ह्याच्यात असतं.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी बघा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरत गेला, तोच हा आपला काळा दगड, बेसाल्ट. तो किती खोल जातो? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला मोठं बोअर घेतलं होतं, तिथं ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, मग जेमतेम ८ मीटर जुना गाळ आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार फार जुना खडक लागला. किल्लारी काय लांब नाही आपल्याला.

तर हा लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि नंतर त्या पोकळ्यांतनं पाणी झिरपत राहिलं, खडकातलं सिलिका कॅल्शियम विरघळवून आणत राहिलं आणि आतल्या भिंतीवर स्फटिक धरत गेले. खाणीवर सलग कठीण दगडालाच मागणी, खडीला तोच लागतो, भोकंवाला दगड कच्चा म्हणून बाजूला टाकतात. आम्हाला नेमका तो टाकलेला ढीगच पाहिजे असतो! अशा एखाद्या तुकड्यात स्टिलबाइट नावाचं खनिज मिळालं तर भिंगाखाली धरून बघा, फिकट गुलाबी पिवळसर रंग, मोत्यासारखी झाक, आणि पातळ पातळ पत्रे एकत्र बांधल्यासारखे, मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले, अगदी कडब्याची पेंढी. त्याच्यावरच कधी अपोफिलाइट ह्या दुसऱ्या खनिजाचा काचेसारखा स्वच्छ, चौकोनी टोकाचा स्फटिक बसलेला असतो, म्हणजे कोण आधी आलं आणि कोण नंतर हे तिथंच दिसतं. असलं काही हातात आलं की अख्खा ग्रुप गप्प होतो, प्रत्येकाला भिंग पाहिजे असतं.

एवढं सुंदर असूनही ह्याला लाखो रुपये नाहीत कारण महाराष्ट्रात ते बऱ्याच ठिकाणी निघतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज वेगळं, त्याला जगभर मागणी आहे. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये, १९६७ साली, पण नमुने बघावेत तर वाघोलीचे. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी हे खनिजांचं म्युझियम आहे, तिथं एकदा जाऊन या, पोरांना घेऊन जा.

आता डायनासोरचं अंडं. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी गोल दगड अंडं म्हणून घेऊन येतंच. बेसाल्ट कुजायला लागला की कोपरे आधी झिजतात, पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गोटा उरतो, तोच हा. आणणारा माणूस नाराज होतो, मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यानं तो शेतातनं जपून आणलेला असतो. तसंच दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती वनस्पती नाही, मँगनीजचं ऑक्साइड फटीतनं पसरत जातं तेव्हा अशा फांद्या फुटतात. लाव्ह्यात जीवाश्म मिळत नाही असंच धरून चाला. तो शोधायचा दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरात, तिथं गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळतात, नाहीतर नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात. मांजरा आणि गोदावरीच्या काठी तशी हत्तीची हाडंसुद्धा सापडलेली आहेत. तसलं हाड दिसलं तर उकरू नका, फोटो काढा, जागा नोंदवा आणि विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या लोकांना कळवा, कारण ते कुठल्या थरात होतं हे एकदा उकरलं की कुणालाच सांगता येत नाही.

माझा सगळा आग्रह इथंच आहे. विहीर बांधून काढली की आतला दगड दिसत नाही, खाण बंद झाली की पाणी भरतं नाहीतर भराव पडतो, आणि तिथं काय होतं ह्याचा पुरावा म्हणून उरतो फक्त तुमच्या हातातला तुकडा. त्याच्यासोबत गाव, शेत किंवा खाण, किती फुटांवर निघाला आणि तारीख एवढं लिहिलेलं असेल तर तो नमुना, नाहीतर नुसता शोभेचा दगड. आपल्या घरात हे आधीपासून चालत आलंय की, देवघरातल्या पंचायतनात महादेवाचा बाण नर्मदेचा, शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा लाल दगड शोणभद्रेचा, आज्जीला प्रत्येकाचं ठिकाण पाठ होतं. आणि शाळिग्राम म्हणजे तर खराखुरा जीवाश्म, अमोनाइट, समुद्रातला प्राणी, बेसाल्टच्या कितीतरी आधीचा.

तेव्हा दगड जरूर आणा, पण काही गोष्टी पाळा. शेतमालकाला, खाणवाल्याला विचारल्याशिवाय उचलू नका. सुरुंग लावायच्या दिवशी खाणीकडे फिरकू नका आणि पाऊस झाल्यावर कड्याखाली उभं राहू नका. ॲसिडनं तर अजिबात धुऊ नका, चकाकी यायची सोडून स्फटिकच खराब होतात, पाणी आणि मऊ ब्रश बास. आणि पांढऱ्या कापसासारखे गोळे दिसले तर ते बहुतेक ओकेनाइट हे खनिज, त्याला बोटसुद्धा लावू नका, त्याचे केसासारखे बारीक स्फटिक एकदा दबले की परत उभे राहत नाहीत. डब्यात ठेवा, झाकण लावा आणि झाकणावर गावाचं नाव लिहून आणा.