पुस्तकघर, नोंद ७: पश्चिमेच्या भिंतीने केलेला घात आणि त्याचा उलगडा

मागील नोंदीत घरातल्या पश्चिमेच्या भिंतीलगतचे पुस्तकांचे कपाट पूर्ण झाल्याचे मी आनंदाने कळवले होते आणि पुढची नोंद विषयवार मांडणीवर लिहीन असे म्हटले होते. ती मांडणी सध्या माजघरातल्या सतरंजीवर ढिगांच्या रूपात पडून आहे. आषाढात तरणा पाऊस लागून राहिला, इथे कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर आली आणि त्याच आठवड्यात सासूबाई कपाटापाशी थांबून म्हणाल्या, "अगं, ह्या कपाटाला ओल धरल्यागत वास यायलाय बघ." काचेची दारे उघडली, तेव्हा सर्वांत खालच्या फळीवरच्या २८ कापडी बांधणीच्या खंडांच्या पाठीवर राखाडी-पांढरी बुरशी धरलेली दिसली. त्यांत माझ्या वडिलांनी विद्यार्थिदशेत एकेक करून जमवलेले आणि नंतर बांधून घेतलेले खंड होते, म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रथम तातडीचे काम सांगते, कारण पावसाळा अजून सरलेला नाही आणि आपल्यापैकी कोणावरही ही वेळ येऊ शकते. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये. तसे केल्याने ती कापडाच्या विणीत आणखी खोल जाते. मी बाधित खंड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून इतर पुस्तकांपासून वेगळे केले, गच्चीवरच्या पत्र्याखाली नेले, पाने पंख्यासारखी उलगडून ते उभे ठेवले आणि वाऱ्यावर पूर्ण कोरडे होऊ दिले. त्यानंतरच तोंडाला मास्क बांधून रंगकामाच्या दोन इंची मऊ ब्रशने पाठीवरची बुरशी स्वतःपासून दूर झाडली. उन्हाचा मोह मी टाळला, कारण कडक उन्हात पुठ्ठा वाकतो आणि जुना कागद अधिकच पिवळा पडतो.

झाडताना एक गोष्ट ध्यानात आली. या फळीवर दोन वेगवेगळ्या बांधणाऱ्यांनी बांधलेले खंड शेजारी शेजारी होते. ज्यांच्या खळीत मोरचूद घातलेला होता ते जवळजवळ स्वच्छ राहिले, आणि नुसत्या कणकेच्या खळीने बांधलेल्यांवर बुरशी दाट आली. तरीही मी मोरचुदाची शिफारस करणार नाही. तो बुरशीला आणि कसरीला दूर ठेवतो हे खरे, पण तांब्याचा तो क्षार आम्लधर्मी असतो आणि कालांतराने कागद ठिसूळ करतो. महाद्वार रोडच्या बाजूला अजून हाताने शिवून बांधणारे जे वयस्कर कारागीर आहेत, त्यांच्याकडे मी पातळ खळ, थोडा फेविकॉल आणि मोरचूद वगळून बांधणी मागते. ते वेळ लावतात, पण पुस्तक पूर्ण उघडते, आणि माझ्या दृष्टीने बांधणीची परीक्षा तीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बुरशी दिसताच मी दोन किलो सिलिका जेल मागवले आणि पुरचुंड्या करून प्रत्येक फळीवर ठेवल्या. निळे मणी दुसऱ्याच दिवशी गुलाबी झाले. ते तापवून पुन्हा निळे केले, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी गुलाबी. चार वेळा असे झाल्यावर मी वही घेऊन बसले. कपाट सहा फूट रुंद आहे, पाच फळ्या आहेत, म्हणजे सुमारे २७ फूट पुस्तके. फुटाला ११ किलो धरले तरी ३०० किलो कागद होतो. ऐंशी टक्के आर्द्रतेत असलेला कागद ५५ टक्क्यांवर आणायचा, तर त्याला आपल्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के पाणी सोडावे लागते, म्हणजे ९ ते १२ लिटर. दोन किलो सिलिका जेल फार तर अर्धा लिटर पाणी धरते. शिवाय ज्या भिंतीतून पाणी सतत येत आहे, तिच्यापुढे हा अर्धा लिटर किती पुरणार? घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात चार दुर्मीळ पुस्तिका ठेवायच्या असतील तर सिलिका जेल उत्तम आहे. मोठ्या कपाटासाठी त्याचा उपयोग नाही, एवढे मी आता आकड्यांनिशी सांगू शकते.

आर्द्रतामापकांचीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. माझ्याकडे तीन स्वस्त मापक होते आणि एकाच टेबलावर ते ६८, ७४ आणि ७९ दाखवत होते. मग मिठाची परीक्षा घेतली. डबीत मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकेच पाणी घालावे, ती डबी आणि मापक एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावेत. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझे तीन मापक सकाळी अनुक्रमे ७०, ७६ आणि ८१ वर थांबले होते. प्रत्येकाच्या पाठीवर फरक लिहून चिकटवला आणि मगच नोंदी घ्यायला सुरुवात केली. ज्या विक्रेत्याने ते "अचूक" म्हणून विकले त्याच्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही, पण मिठाची परीक्षा केल्यावर तेच मापक कामाचे ठरले.

दुरुस्त आकडे आठवडाभर लिहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. खोलीत ७४, कपाटाच्या वरच्या फळीवर पुस्तकांच्या मागे ८३ आणि खालच्या फळीवर पुस्तकांच्या मागे ९३. म्हणजे पावसाळी हवा सर्वांनाच सारखी होती आणि बिघाड कपाटाच्या पाठीमागे होता. वरच्या फळीचे कारण मला पटकन उमगले. २६ अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची हवा २३ अंशांच्या गार भिंतीपाशी अडकली की तिथे तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि आम्ही कपाटाची प्लायवूडची पाठ भिंतीला अगदी टेकवून ठोकली होती, म्हणून ती हवा हलूच शकत नव्हती. खालच्या फळीचे कारण मात्र यात बसत नव्हते.

तेव्हा कपाट रिकामे करून मिस्त्रींच्या मदतीने ते ओढले. मागच्या ऑइलपेंटला फोड आले होते. दोन ठिकाणी, एक जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि एक पाच फुटांवर, रंग खरवडला आणि तिथे फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावला. दोन दिवसांनी वरचा कागद आतून कोरडा होता, खालच्याच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. याचा अर्थ पाणी भिंतीतूनच येत होते. म्हातारा पाऊस ऐन जोरात असताना मी छत्री आणि बॅटरी घेऊन घरामागच्या बोळात उभी राहिले, आणि पंधरा मिनिटांत जे दिसले ते मला सहा महिन्यांपूर्वीच दिसायला हवे होते: पत्र्याची पन्हळ भिंतीच्या टोकापासून जवळजवळ फूटभर अलीकडेच संपत होती आणि सगळे पाणी नेमके कपाटामागच्या जोत्यावर आपटत होते.

आमचे घर शिवाजी पेठेतले जुने, दगड आणि मातीच्या बांधणीचे. अशी भिंत ओल शोषते आणि हळूहळू सोडते. आतून चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल पसरून वाळते. पूर्वीच्या दुरुस्तीत आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट चढवल्यामुळे बाहेर पडण्याची तिची वाट बंद झाली आणि ती वर वर चढत राहिली. पन्हळ मी दुसऱ्याच दिवशी उद्यमनगरातून दोन फुटांचा जोड करवून घेऊन वाढवली, आणि पाऊस तसाच असतानाही दहा दिवसांत खालचा आकडा ९३ वरून ८६ वर आला. या पूर्ण उपक्रमात एवढे समाधान मला क्वचितच मिळाले असेल.

माझी योजना अशी होती की खालचा चार फूट सिमेंट काढून तिथे चुना आणि वाळूचा, थोडी सुरखी (विटांची भुकटी) घातलेला गिलावा करावा, कपाटाची पाठ काढून टाकावी आणि ते भिंतीपासून तीन इंच पुढे पुन्हा बसवावे. परंतु चुना पावसाळ्यात नीट वाळत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून गवंडीकाकांनी दिवाळीनंतरचा मुहूर्त दिला. तोवर ३०० किलो पुस्तके कुठे ठेवायची, या विचारात असतानाच मला वाटले की ती परत तिथे न्यायचीच कशाला? माजघरातली जिन्यालगतची भिंत पूर्णतः आतली आहे, तिला पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही आणि तिथला मापक खोलीपेक्षा दोनतीन टक्के कमीच दाखवतो. पश्चिमेच्या भिंतीपाशी खिडकीखाली वाचायची बैठक होईल आणि भिंतीला श्वास घ्यायला जागा राहील.

माजघरातल्या येण्याजाण्याच्या वाटेत बारा इंच खोलीचे कपाट बसणार नाही, ही माझी जुनी अडचण होती. पण आपण कपाटाच्या खोलीचा विचार नेहमीच अकारण मोठा करतो. डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच इंच रुंद असते, दिवाळी अंकही सात-सव्वासात इंचांत बसतो. आठ इंचांची फळी पुरते. शिवाय ८ बाय ४ फुटांच्या प्लायमधून बारा इंचांच्या चारच पट्ट्या निघतात, तर सुमारे आठ इंचांच्या सहा. गेल्या खेपेला फळ्या मधोमध वाकल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "बाई, फळी न्हाई वाईट, खण लांब झालाय," आणि ते अगदी खरे होते. वाक खणाच्या लांबीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून ३६ इंचांऐवजी २८ इंचांचे खण केले की तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. समोरच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी लिपिंग पट्टी लावल्यावर परवा पहिला खण पूर्ण भरला, दोरी ताणून पाहिली आणि वाक एक मिलिमीटरही नव्हता. त्या खणासमोर मी बराच वेळ उभी राहिले.

प्लायच्या बाबतीत आपण सावध राहावे. एका दुकानदाराने मला बी.डब्ल्यू.आर. (उकळत्या पाण्यातही टिकणारा) म्हणून साधा एम.आर. (फक्त दमटपणा सोसणारा) प्रतीचा माल दिला. तुकडा उकळत्या पाण्यात ठेवल्यावर थर सुटले म्हणून कळले. आता मी आय.एस. ३०३ (प्लायचे भारतीय मानक) आणि बी.डब्ल्यू.आर. हा शिक्का प्रत्येक तावावर बघूनच गाडीत चढवू देते. सर्वांत खालची फळी या वेळी जमिनीपासून नऊ इंचांवर घेतली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आमच्या गल्लीत पाणी आले नव्हते, पण व्हीनस कॉर्नरच्या परिसरात जे पाहिले ते विसरण्यासारखे नाही. आर्ट पेपरवर छापलेले पुस्तक भिजून वाळले की पाने एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून चित्रांची पुस्तके मी छातीच्या उंचीवर ठेवणार आहे.

एक दुरुस्तीही नोंदवते. सहाव्या नोंदीत मी पावसाळ्यात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे सुचवले होते. ते चुकीचे होते. बाहेर ९० टक्के असताना उघड्या खिडकीतून ओलच आत येते. आता दुपारी पाऊस उघडलेला असेल तेव्हा तासदोन तास खिडक्या उघडते, एरवी बंद करून पंखा मंद चालू ठेवते.

आज सकाळी जिन्यालगतच्या भरलेल्या खणात पुस्तकांच्या मागे मापक ७० दाखवत होता, पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर खाली ८४. साफ केलेल्या २८ खंडांपैकी १९ वास न येता आठवडाभर टिकले आहेत आणि आज संध्याकाळी ते नव्या दुसऱ्या खणात जातील. उरलेले नऊ गच्चीवरच्या पत्र्याखालीच आहेत, त्यांतल्या दोघांचा पुठ्ठा बदलावा लागेल.