रात्री साडेबाराचं जेवण

आमच्या डिस्पॅचमध्ये एक प्लॅटफॉर्म वजनकाटा आहे, कास्टिंगच्या पेट्यांसाठी. महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला कोणी नसलं की मीही त्यावर चढतो. घरातला काटा हॉलमध्ये एक सांगतो आणि बाथरूमसमोर दुसरंच. हा काटा दर वर्षी कॅलिब्रेट होतो, त्यावर तारखेचं स्टिकर असतं, आणि क्वालिटीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाचा स्टिकर नसलेल्या वस्तूवर विश्वास बसत नाही. तर दिवाळीनंतर त्याने दाखवलं ८६.२. सेफ्टी शूज काढले, खिशातला व्हर्निअर आणि मोबाईल खाली ठेवला. ८४.६. यापुढे काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच महिन्यात वार्षिक मेडिकल झालं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही अजून, पण काठावर उभे आहात." ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबिटीस. आमच्या भाषेत, पार्ट रिजेक्ट नाही, पण कन्सेशनवर पास केलाय. मशीनची सेटिंग तपासा. त्यांनी विचारलं, काय खाता? मी सांगितलं, पोळी-भाजी, वरण-भात, थंडीत बाजरीची भाकरी. गोड फारसं नाही. मिसळ महिन्यातून दोनदा (नाशिकमध्ये राहून याहून कमी सांगितलं असतं तर त्यांना खोटं वाटलं असतं). त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, "किती वाजता?"

यावर काय सांगणार? आमच्या शिफ्टा आठवड्याला फिरतात. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. माझं रात्रीचं जेवण एका आठवड्यात साडेआठला असतं, दुसऱ्यात साडेबाराला, आणि तिसऱ्यात ते नक्की कोणतं म्हणायचं हेच मला ठाऊक नसतं.

मुख्य घोळ सेकंडचा होता. साडेसातला कँटीनची सुट्टी व्हायची. तिथलं वरण म्हणजे हळदीचं पाणी, म्हणून मी दोन समोसे आणि चहा घ्यायचो. खरं जेवण घरी, असं मनाशी पक्कं होतं. बाराला पंच केलं की गाडी काढायची, एक्स्लो पॉइंटपासून पवननगरपर्यंत मोकळा रस्ता. जानेवारीत हात हँडलला गोठून जातात. गल्लीत वळलं की आमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. आई झोपलेली असते म्हणून बेल वाजवायची नाही, गाडीचा आवाज पुरतो. हिने तवा तापत ठेवलेला असतो. उडदाचं घुटं, तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी, वर कच्चा कांदा. बारा वर्षं हे असंच चाललं. ती माझ्यासमोर नुसती बसायची. लेकीची फी, गावाकडच्या बांधाचं भांडण, कुणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, सगळं त्या अर्ध्या तासात. दिवसभरात आम्ही दोघं समोरासमोर असतो ते तेवढ्याच वेळात. एकला आडवं व्हायचं, आणि सकाळी छातीत जळजळ घेऊन उठायचं.

समोसे म्हणजे एक जेवण आणि ही भाकरी म्हणजे दुसरं, हा हिशेब बारा वर्षांत मी एकदाही मांडला नव्हता.

शरीरातल्या घड्याळाची गोष्ट लेकीने सांगितली. ती बारावी सायन्सला आहे, जीवशास्त्र तिच्या आवडीचं. मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वर हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक बारीक पुंजका असतो, साधारण २०,००० पेशींचा. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो आपली वेळ लावतो. पण तेवढ्यावर भागत नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी, प्रत्येक ठिकाणच्या पेशींत आपापलं घड्याळ असतं, आणि यकृताचं घड्याळ उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेवर सरकतं. हे चालवणारी जनुकं माश्यांमध्ये शोधणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. फळांवर बसणाऱ्या चिलटांवर नोबेल! हे ऐकून आई म्हणाली, आमच्या द्राक्षाच्या पेट्यांवर किती बसायची, कुणी विचारलं नाही.

मला ते लगेच पटलं, कारण आमच्या कंपनीत हेच आहे. गेटवरचं पंचिंगचं घड्याळ बरोबर, मशीन शॉपचं सात मिनिटं पुढे, पॅकिंगचं कधीतरी बंदच. माणसं मग आपापल्या घड्याळाने सुट्टी घेतात, आणि शॉपमधून माल आला तरी पॅकिंगला कोणी नसतं. मी रात्री साडेबाराला भाकरी खायचो तेव्हा डोकं म्हणत होतं रात्र झाली आणि यकृताला निरोप जात होता की शिफ्ट सुरू. झोपेची वेळ जवळ आली की अंगात मेलाटोनिन वाढतं, आणि ते वाढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं. तीच भाकरी दुपारी खाल्ली तर साखर जेवढी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते.

मग मी वाचत सुटलो, आणि इथे माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० धडधाकट माणसांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिलं, झोप दोन्ही वेळेला अकराला. उशिरा जेवल्यावर साखरेचं टोक सुमारे १८ टक्क्यांनी वर गेलं आणि रात्रभरात चरबी सुमारे १० टक्के कमी जळली. बोस्टनमध्ये २०२२ ला १६ जणांना तेच जेवण चार तास उशिरा दिलं, तर भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन जागेपणी कमी राहिलं आणि खर्च होणाऱ्या कॅलरीही घटल्या. वाचायला छान. पण १६ आणि २०! एवढ्याशा सॅम्पलवर मी लॉट पास करायला निघालो तर कस्टमर मला गेटबाहेर काढील. अर्थात त्यांनी प्रत्येकाला दोन्ही सेटिंगवर तपासलं होतं, त्यामुळे सॅम्पल लहान असलं तरी मोजमाप बेशिस्त नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

स्पेनमधला अभ्यास मोठा आहे. वजन उतरवायच्या २० आठवड्यांच्या कार्यक्रमातले ४२० लोक, २०१३ मध्ये छापून आलेला. दुपारचं मुख्य जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन कमी उतरलं, खाणं जवळपास तेवढंच असूनही. पण तिथे कोणी कोणाला वेळ ठरवून दिली नव्हती. जे उशिरा जेवायचे ते उशिरा जेवले. उशिरा जेवणाऱ्यांच्या आयुष्यात आणखी काय काय वेगळं असतं ते मला विचारा.

आणि मग चीनमधल्या ग्वांगझूचा, तोही २०२२ चा. १३९ लोक, पूर्ण वर्षभर. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी केल्या, फक्त एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायची मुभा. वर्षाअखेर वेळ पाळणारे सरासरी ८ किलोंनी उतरले, न पाळणारे ६.३ किलोंनी. हा फरक योगायोगाने पडलेला नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ३० लोकांच्या प्रयोगात तर कॅलरी सकाळी जास्त घ्या की संध्याकाळी, वजन सारखंच उतरलं. एक गोष्ट मात्र वेगळी निघाली, सकाळी भरपूर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली.

हे वाचून मला उलट बरं वाटलं. नुसती वेळ बदलून किलोच्या किलो गळून पडतात असं कोणी सांगितलं असतं तर मी टॅब बंद केला असता. दीक्षित सरांचं दोनदा जेवा, ५५ मिनिटांत संपवा, हे आमच्या शॉपमध्ये एका वर्षी साथीसारखं पसरलं होतं. त्यात काही जण खरंच उतरले, तेव्हाही मला वाटलं होतं की यांचा मधल्या वेळचा चिवडा आणि चारचा वडा बंद झालाय, एवढं तरी नक्की. वेळेला कुंपण घातलं की वळूचं चरणं आपोआप कमी होतं. सॉल्क इन्स्टिट्यूटच्या सच्चिदानंद पंडांनी, म्हणजे आपल्या ओडिशाच्या माणसाने, २०१५ मध्ये १५६ लोकांच्या खाण्याच्या नोंदी मोबाईलवर घेतल्या. निम्म्या लोकांचं तोंड दिवसातले जवळजवळ १५ तास चालू होतं. मी माझ्या सेकंडच्या आठवड्याची नोंद केली: सकाळी आठचा चहा ते रात्री एक. १७ तास.

आमच्या खालच्या मजल्यावर जैन कुटुंब राहतं. काका चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. डिसेंबरात नाशिकला सहाच्या आसपास दिवस मावळतो, तेव्हा त्यांच्याकडे भांडी घासल्याचा आवाज येतो आणि मी कंपनीत गेज लावत असतो. काका सत्तरीचे, अंगाने काटक. मला म्हणाले, "तुम्हीपण करा, काय कठीण आहे?" काकांचं स्वतःचं दुकान आहे. शटर कधी ओढायचं ते त्यांच्या हातात.

पूर्वीचे लोक दिवेलागणीला जेवायचे, असं आपण अगदी हक्काने म्हणतो. मीही आईसमोर म्हटलं. आई निफाड तालुक्यातली, आयुष्य कांद्यात गेलेलं. म्हणाली, "तुझे दादा रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जायचे, लाईटच रात्रीची असायची. पहाटे येऊन शिळी भाकरी खायचे. कोणती दिवेलागण रे?" यावर मी गप्प बसलो. मात्र दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोट कधी सुटलं नव्हतं, हेही खरं. पण ते दिवसभर वाफे बांधायचे. मी दिवसभर पार्टचं माप घेतो.

बदल करायचा तर सेकंडमध्येच करायचा होता. ठरवलं असं, की खरं जेवण दुपारी दोनला, निघायच्या आधी. साडेसातला डबा, त्यात दोन पोळ्या, उसळ किंवा भाजी. घरी आल्यावर काही नाही. कागदावर सोपं. पहिल्या रात्री आलो तर दिवा चालू, तवा गरम, आणि हिने ताट घेतलेलं. "अहो, नुसतं अर्धी खा. एवढ्या थंडीत आलात." मी अर्धी खाल्ली. दुसऱ्या रात्री नको म्हटलं तर ती काही बोलली नाही, तवा खाली ठेवला आणि झोपायला गेली. मला भुकेचा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत झाला, मग ओसरला. तिचा राग तेवढ्यात ओसरला नाही. बारा वर्षं ती माझ्यासाठी जागी राहिली होती आणि मी एका रिपोर्टच्या कागदावरून तो अर्धा तास काढून घेतला होता. हे मला कळायला आठवडा लागला, सांगायला आणखी एक.

आता दुपारी दोनला आम्ही दोघं आणि आई एकत्र जेवतो. पूर्वी मी त्या वेळेला पेपर वाचत उभ्या उभ्या दोन पोळ्या गिळायचो. बांधाचं भांडण आता दुपारी होतं, आणि आईपण त्यात असल्यामुळे जास्त लांबतं.

थर्डचं अजून जमलेलं नाही. २०२१ मध्ये बोस्टनमध्येच १९ लोकांवर नकली रात्रपाळी लावून बघितली. रात्रीही खाणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. फक्त दिवसा खाणाऱ्यांची म्हणण्यासारखी वाढली नाही. म्हणून मी रात्री नऊला घरी जेवून निघतो आणि पहाटेपर्यंत काही खायचं नाही असं ठरवतो. पण तीन वाजता कँटीनवाला चहा आणि खारी घेऊन लाईनवर येतो. त्या वेळी माणूस शास्त्र वाचलेला नसतो, फक्त थंडीत उभा असतो. चहा घेतो, खारी कधी घेतो कधी नाही. आमच्यातला एक जण इन्सुलिनवर आहे, त्याने माझं बघून रात्रीचं खाणं बंद केलं आणि चारला त्याला घाम फुटून हात कापायला लागले. त्याला साखर चारून बसवला. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळेला हात लावू नये, हे मी त्या रात्रीपासून सगळ्यांना सांगतो.

पाच महिने झाले. काटा, शूज काढून, ८१.३. एचबीए१सी ५.८. छातीतली जळजळ पहिल्या पंधरवड्यातच गेली, आणि खरं सांगायचं तर मला वजनापेक्षा तिचंच जास्त वाटतं. पण यात घड्याळाचं श्रेय किती आणि सुटलेल्या समोशांचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. मशीनवर दोन सेटिंग एकदम बदलू नका असं मी नव्या पोरांना रोज ओरडतो, आणि स्वतःवर मात्र तेच केलं. समोसे पुन्हा सुरू करून बघायला हवं, फक्त साडेसातलाच, तीन महिने. लेक म्हणते, बाबा, हा प्रयोग नाही, ही पळवाट आहे.

सोमवारपासून थर्ड. हिने सुचवलंय की तीन वाजताच्या चहाबरोबर खायला डब्यात भाजलेले शेंगदाणे देते, खारीपेक्षा बरे. मूठभर की अर्धी मूठ, यावर आमचं अजून ठरायचंय.