दशांशचिन्हापुढची हौस

भर दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, कॅल्क्युलेटरच्या काचेवर ९.८१४५२५४२४ असा आकडा उमटतो आणि झोप उडते. काम काय, तर साध्या लंबकावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गात काढायचा. सामान काय, तर दोरा, पितळी गोळा, मीटरपट्टी, व्यास मोजायचं व्हर्नियर आणि एक स्टॉपवॉच. एवढ्यावर दहा आकडे! भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीचं वजन मिलिग्रॅममध्ये सांगावं, तसलीच ही ऐट. आणि जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या वहीत, हे दहाच्या दहा आकडे निळ्या शाईत, खाली दुहेरी रेघ मारून उतरलेले दिसतात.

हुकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचा दोरा पट्टीवर ९७.४ सेंटिमीटर. गोळ्याचा व्यास व्हर्नियरवर २.१०, म्हणजे त्रिज्या १.०५. बेरीज ९८.४५, हीच लंबकाची लांबी. वीस आंदोलनांना ३९.८ सेकंद, म्हणजे एकाला १.९९, हा आवर्तकाल. चार पाय-वर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. संपलं.

यातल्या २.१० मधलं शेवटचं शून्य बहुतेक जण खाऊन टाकतात. २.१ आणि २.१० एकच की! गणिताच्या तासाला एकच, प्रयोगशाळेत नाही. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर. २.१० लिहिणारा सांगतो, शतांशाच्या घरात डोकावलो, तिथे काही नव्हतं. २.१ लिहिणारा तिथे गेलेलाच नसतो. म्हणून ते शून्य कमावलेलं. त्याच व्यासाचे मीटर करून ०.०२१० लिहिलं की डावीकडे आलेली शून्यं मात्र फुकटची. एकक बदललं म्हणून आली, एकक बदललं की जातील. सार्थक अंक, म्हणजे खरोखर मोजून मिळालेले, तेव्हाही तीन, आताही तीन. खरी पंचाईत १५०० सारख्या आकड्याची. त्यातली शून्यं मोजलेली की नुसती जागा धरून बसलेली, ते आकडा पाहून कळत नाही. १.५० × १०³ लिहिलं की वाद मिटतो.

आता ती बेरीज. दोरा दशांशापर्यंतच ठाऊक, तर बेरजेलाही दशांशापुढे बोलायचा हक्क नाही. (बेरीज-वजाबाकीत दशांशस्थळं बघायची, गुणाकार-भागाकारात सार्थक अंक. या दोन नियमांची अदलाबदल हा जर्नलातला सर्वांत जुना रोग.) मग ९८.४५ चे ९८.५ करायचे की ९८.४? शाळेतल्या सवयीने ९८.५. पाच आला की वर. अकरावीचा नियम निराळा: नेमका पाच असेल तर मागचा अंक सम असल्यास तसाच ठेवा, विषम असल्यास एकाने वाढवा. म्हणून ९८.४. पाचाला कायम वर ढकललं तर लांबलचक बेरजा हळूहळू फुगतात. असं केलं की निम्मे वर जातात, निम्मे खाली. पायथनला २.५ चा पूर्णांक करायला सांगा, तो २ देतो. एक्सेल ३ देतं. दोघंही आपापल्या जागी ठाम. आपल्या लंबकात ९८.५ धरले तर g ९.८२, ९८.४ धरले तर ९.८१. एका पाचावरून एवढं.

पण हे भांडण मुळातच वायफळ आहे, कारण घड्याळ बोटाने दाबलेलं असतं. डोळ्याने गोळा पाहायचा आणि बोटाने बटण दाबायचं, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज इकडेतिकडे होतो. ३९.८ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग, म्हणून एक टक्का. ९.८ चा एक टक्का ०.१. उत्तर एवढंच: ९.८ ± ०.१. उरलेले आठ आकडे कॅल्क्युलेटरच्या पदरचे. वीस आंदोलनं मोजायची तीही याचसाठी. बोटाची तीच चूक वीस जणांत वाटली जाते. एकच आंदोलन मोजलं तर g च्या पहिल्याच आकड्याची खात्री देता येत नाही.

म्हणून कुणी सुरुवातीपासूनच काटछाट करू लागतो, आणि ते दहा आकड्यांपेक्षा वाईट. १.९९ म्हणजे जवळजवळ २.० असं म्हणून पुढे गेलात की g ९.७२ होतो. काटछाट शेवटी, एकदाच. मधल्या पायऱ्यांत एक-दोन आकडे जास्तीचे वागवायचे. कॅल्क्युलेटरवर तर कागदावर उतरवून परत टाइप करण्यापेक्षा आन्सरचं बटण वापरावं. दोन हप्त्यांतही छाटू नये. ७.३४६ आधी ७.३५ केला, मग ७.४ केला, की फसगत. एकदम केला असता तर ७.३.

लॉगटेबलवर, म्हणजे लॉगॅरिदमच्या छापील कोष्टकावर, हे लाड चालत नाहीत. बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर बंद, लॉगटेबल चालतं. चार पाय-वर्ग म्हणजे ३९.४८, त्याचा लॉग १.५९६४, मीटरमधल्या लांबीचा, ०.९८४५ चा, बार एक पॉइंट ९९३२ (बार म्हणजे तो एक उणे), वजा आवर्तकालाच्या वर्गाचा, ३.९६० चा, ०.५९७७. अँटीलॉग ९.८१५, त्यापुढे कोष्टकच संपतं. बार एकवरचा बार विसरलात तर g शंभरपट होतो ते वेगळं, पण दहा आकड्यांचा माज चढत नाही.

खरं तर मराठी बोलणाऱ्याला हे परकं नाही. ‘सव्वापाचला येतो’ म्हणणाऱ्याला कुणी पाच पंधराच्या ठोक्याला धरत नाही. पाव तासापलीकडे त्याने काही कबूलच केलेलं नसतं. ‘दहा-बारा जण’ यात आकडा आणि त्रुटी एकत्रच नांदतात. आणि तोच माणूस लोकलबद्दल बोलताना ‘नऊ चौदाची’ म्हणतो, सव्वानऊची नव्हे. कुठे किती आकडे हे त्याला नेमकं कळतं. फसतो तो थर्मामीटरपाशी. लाइपझिगच्या वुंडरलिखने १८६८ मध्ये निरोगी शरीराचं सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. त्याचं फॅरेनहाइट करताना ९८.६ झालं, आणि त्या पॉइंट सहाला केवढं वजन आलं. निरोगी माणसाचंच तापमान सकाळ-संध्याकाळात अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळजवळ एक अंश फॅरेनहाइट, हलतं. तरी पारा ९९ वर गेला की घरभर कणकण.

आणि ते ९.८१. जर्नलात शेवटी सगळ्यांचं उत्तर तिथेच पोचतं, कसं ते विचारू नये. १९०१ मध्ये ठरलेला प्रमाण g ९.८०६६५, छाटला की ९.८१. पण मुंबई-पुण्यात खरा g ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान. विषुववृत्ताजवळ तो कमीच असतो. तेव्हा आपल्याकडच्या लंबकातून तंतोतंत ९.८१ निघाला तर आधी लंबकावर नव्हे, लिहिणाऱ्यावर संशय घ्यावा. ९.८ मात्र दोन्हीकडे खरा.

बाकी चुका आकड्यांत दिसतच नाहीत. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं की विसाच्या जागी एकोणीसच आंदोलनं होतात, आणि g चकचकीत १०.९. गोळा वीस अंशांपर्यंत खेचून सोडला तर आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो, g दीड टक्क्याने पडतो. आणि डोक्यावर पंखा चालू होता की बंद, हे तर कुणी लिहीतच नाही. मे महिन्यात बंद करायला सांगणार तरी कोण!